मागून आणलेली जास्वंद

एका टेकडीच्या उतारावर एक गाव होतं, आणि त्या गावातल्या सगळ्या बायका चोर होत्या. पुरुषही होते, पण बायका जास्त तरबेज होत्या.

चोरी मात्र एकाच गोष्टीची व्हायची. झाडाच्या फांदीची. मागून आणलेली फांदी रुजत नाही, चोरून आणलेली हमखास रुजते, अशी त्या गावात ठाम समजूत होती. त्यामुळे कुणी कुणाकडे फांदी मागायचं नाही. दुपारची जेवणं उरकली की गाव आडवं व्हायचं, आणि मग कुणीतरी पदराखाली कात्री लपवून कुणाच्या तरी कुंपणातून आत शिरायचं. जिच्या अंगणात चोरी होत असेल तिनं डोळे मिटून घोरत राहायचं, अशी रीत होती. चोराला पाहिलं की फांदीला दृष्ट लागते म्हणे. पाटलाच्या दारातली शेवंती मूळची कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

जिच्या दारात जे झाड जोमात, त्यावरून तिचं नाव पडायचं. कुणी मोगऱ्याच्या वहिनी, कुणी कोरफडीच्या मामी. आणि जिची जास्वंद छपराला टेकली होती ती म्हातारी म्हणजे जास्वंदीच्या काकू.

या काकूंच्या शेजारी एक तरुण आई राहायची. तिला गावात 'रिकाम्या कुंडीची' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्या गावातल्या भिंती पातळ होत्या.

ही आई शिकलेली होती. त्यामुळे काळजी कशाकशाची करता येते, याची तिला इतरांपेक्षा जास्त माहिती होती. तिची मुलगी, बाळी, शिंकली की हिला हुडहुडी भरायची. बाळी झोपली की श्वास चालू आहे ना हे बघायला ही तिच्या नाकाशी बोट धरायची. बोट लागलं की बाळी जागी व्हायची, आणि मग दोघी मिळून रडायच्या.

आता त्या गावची, आणि घाटाखालचीही, आणखी एक रीत होती. बाळाच्या पहिल्या वाढदिवशी आईनं उंबऱ्याशी एक कुंडी मांडायची. कुंडीत तिनं स्वतःच्या हातानं रुजवलेली फांदी हवी, आणि त्या फांदीला नवं पान हवं. गावातल्या बायका ते पान बाळाच्या कपाळाला लावून म्हणायच्या, "आईचा हात रुजला." पान नसलं तर हात रुजला नाही असं ठरायचं. मग नवऱ्याकडची एखादी जाणती बाई वर्षभर घरी येऊन राहायची. बाळाचं न्हाणं, खाणं, झोपणं सगळं तिच्या हाती. आईनं नुसतं बघायचं आणि शिकायचं.

हिच्या नवऱ्याकडची जाणती बाई म्हणजे त्याच्या आत्याबाई. घाटाखालच्या गावात राहायच्या. घरभर पोरं वाढवलेली, आवाज खणखणीत. रिकाम्या कुंडीची बातमी त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचली होती, आणि प्रत्येक बाजाराच्या दिवशी त्यांचा निरोप यायचा.

"गाठोडं बांधून ठेवलंय. पोरीचं नाक बसकं आहे असं ऐकते. आले की रोज तेल लावून ओढीन. आणि रडली तर रडू द्यायचं. उचलून उचलून पोरं बिघडतात."

आई बाळीच्या नाकाकडे बघायची. छोटंसं, भज्यासारखं नाक. तिला ते फार आवडायचं.

शेवटी एका दुपारी तिनं कात्री घेतली.

"अहो, मी चोरीला चालले. बाळीकडे बघा."

नवरा शांत स्वभावाचा होता, म्हणजे त्याला कशाचंच काही वाटत नसे. तो म्हणाला, "जा. येताना कोथिंबीर दिसली तर घेऊन ये."

ती मोगऱ्याच्या वहिनींच्या अंगणात शिरली. त्यांच्या खिडकीत मनीप्लांटचा वेल होता. वहिनी ओटीवर चटई टाकून घोरत होत्या. हिच्या बांगड्या वाजल्या, तशा वहिनी जरा मोठ्यानं घोरल्या. परत फिरताना हिचा पदर कुंपणात अडकला, तेव्हा वहिनींनी घोरता घोरताच पाय लांब करून काटकी बाजूला सारली. "माफ करा हं," ही म्हणाली, आणि मग आपण चोर आहोत हे आठवून पळाली.

तिनं वेलावरचं सगळ्यात देखणं पान निवडलं होतं. लांब देठाचं, तुकतुकीत. घरी आणून पेल्यात पाणी घालून तिनं ते खिडकीत ठेवलं. पान हिरवंगार राहिलं. बाळीला दात आले, बाळी रांगायला लागली, पान आपलं तसंच हिरवंगार. मूळ काही फुटेना. एके दिवशी देठाला बुळबुळीत लाळ सुटली आणि पान मान टाकून पडलं.

का मेलं, कुणाला विचारणार? चोरीच्या मालाची चौकशी मालकिणीकडे कशी करायची?

मग तिनं कोरफडीच्या मामींची कोरफड आणली. या खेपेला हयगय नको म्हणून बाळी दूध प्यायली की ही कोरफडीला पाणी पाजायची. बाळीची गुटी उगाळली की उरलेलं बोट कुंडीत बुडवायची. बाळीला तीट लावली की कुंडीलाही एक ठिपका. एवढं लाडाकोडाचं झाड गावात दुसरं नव्हतं. पण काही दिवसांनी तिनं मायेनं पातीवरून हात फिरवला, तर पात हातातच आली, भाताच्या पेजेसारखी.

मग काकूंची जास्वंद. काकू बाजेवर पाठ करून झोपल्या होत्या. हिनं वरचा कोवळा शेंडा घेतला, कारण त्याला कळी होती आणि कळी बघून तिला धीर आला. कात्री चालली तशा काकू झोपेत जोरात कण्हल्या. ती धावत घरी आली, शेंडा कुंडीत खोचला, आणि बाळाला ऊन चांगलं असतं म्हणून कुंडी भर उन्हात ठेवली. मूळ फुटलं का हे बघायला ती रोज सकाळी शेंडा उपटायची. नाही फुटलं म्हणून परत खोचायची. संध्याकाळी पुन्हा बघायची. शेंड्याची कळी पहिल्याच दिवशी गळली, आणि आठवडा संपायच्या आत त्याची काडी झाली. दात कोरायला बरी.

"माझ्या हाताला गुणच नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"बाळी तर छान आहे की."

"ती माझ्यामुळे नाही. ती स्वतःच्या हिमतीवर जगलीय."

तो म्हणाला, "आत्या तशी मनानं वाईट नाही." हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं, हे त्याला रात्रीचं जेवण बघून कळलं.

वाढदिवसाला आता महिना-दीड महिना उरला होता. ती पुन्हा काकूंच्या अंगणात शिरली. काकू घोरत होत्या. ती जास्वंदीखाली गुडघे टेकून बसली, कात्री उघडली आणि तशीच थांबली.

कुठं कापायचं?

शेंडा कापून झाला होता, तो मेला. आता पान कापू? बुंधा कापू? नेहमीसारखं काहीतरी कापून पळाली असती, तर तेही मेलं असतं. आणि विचारलं, तर मागून आणलेली फांदी रुजत नाही असं अख्खं गाव म्हणत होतं. म्हणजे फांदी दोन्हीकडून मरणारच होती. तिनं विचार केला, मरायचीच आहे तर निदान विचारून मरू दे.

"काकू," ती हळूच म्हणाली. "झोपला नसाल तर एक विचारायचं होतं."

घोरणं एकदम थांबलं.

"मी फांदी चोरायला आलेय. म्हणजे चोरत नाहीये. मागतेय. आणि कुठं कापायची, तेही सांगा. मला येत नाही."

काकू ताडकन उठून बसल्या. त्यांनी दोन्ही हात जोडून आभाळाकडे बघितलं.

"देवा रे! विचारलं गं बाई, एकदाचं कुणीतरी विचारलं!"

"रागावलात का?"

"रागावू कशाला? इतकी वर्षं हे अंगण लुटू देतेय मी. लुटा ना! पण लुटतात कशा गं या बायका! कुणी कळीसकट शेंडा खुडते, कुणी नुसतं पान ओरबाडते. एकीनं तर फूलच नेलं आणि पेरलं. मी इकडं तोंडात पदराचा बोळा कोंबून पडलेली, ओरडायला नको म्हणून. मनात ओरडतेय, खाली बाई, खाली, पेराखाली! मागच्या खेपेला तू शेंडा कापलास, तेव्हा तर राहवलंच नाही मला. कण्हले."

"मला वाटलं तुमचं पोट दुखतंय."

"पोटच दुखत होतं! ये इकडं. आण ती कात्री."

काकूंनी एक फांदी वाकवली. "हे बघ. अगदी कोवळी नको, अगदी जून नको. शिसपेन्सिलीएवढी जाड. आता ही गाठ दिसते ना, जिथून पान निघालंय? हे पेर. मूळ इथूनच फुटतं. म्हणून याच्या जरा खाली, तिरकं कापायचं. काप."

तिनं डोळे मिटून कापलं.

"डोळे उघडून काप गं. बरं. आता खालची पानं काढ. वरची दोन ठेव, आणि तीही अर्धी काप."

"अर्धी? अहो, बिचारीला—"

"बिचारीला अजून मुळं नाहीत. एवढ्या पानांना ती पाणी कुठून पाजणार?"

हे तिला एकदम पटलं. तिनं पानं अर्धी केली.

"दोन पेरं मातीत गाड. माती ओलसर, चिखल नको. कुंडी सावलीत. आणि..." काकूंनी बोट उगारलं. "उपटून बघायचं नाही."

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही."

"एकदाच, अगदी हळूच..."

"का गं? बाळी झोपली की तू काय तिला हलवून विचारतेस, झोपलीस का म्हणून?"

तिनं आपलं बोट पदराखाली लपवलं. काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "अरे देवा."

मग तिनं भीत भीत कोरफडीचं विचारलं, आणि कळलं की कोरफडीची कापलेली जागा आधी दोन दिवस सुकू द्यायची असते आणि नंतरही पाणी अगदी बेतानं द्यायचं असतं. मनीप्लांटचं विचारलं.

"पेर होतं का त्याला?" काकूंनी विचारलं.

"पान होतं. फार सुंदर पान होतं."

"मग सुंदर पानच राहिलं असेल."

काकू एकीवर थांबल्या नाहीत. भराभरा आणखी फांद्या कापून तिच्या ओंजळीत दिल्या. "सगळ्या लाव. निम्म्या मरतात."

"माझ्या हातानं?"

"कुणाच्याही हातानं."

"तुमच्यासुद्धा मरतात?"

काकूंनी तिला हाताला धरून घरामागं नेलं. तिथं भिंतीला लागून वाळक्या काड्यांचा हा एवढा ढीग पडला होता. कुजलेले देठ, पिवळ्या पाती, फुटक्या कुंड्या, काळ्या पडलेल्या मुळ्या. गावात जिच्या हाताच्या गुणाची शपथ घेत, तिच्या घरामागं हे.

आई त्या ढिगाकडे बघतच राहिली. इतकं सुंदर काही तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"काकू, एवढ्या?"

"या यंदाच्या. जुन्या चुलीत गेल्या. मारून मारूनच शिकले मी. विचारणार कुणाला? विचारलं तर चोरी कबूल करावी लागली असती."

"पण मागितलेली फांदी रुजत नाही म्हणतात ना?"

"म्हणतात खरं," काकू म्हणाल्या. "कुणा एकीला मागायची लाज वाटली असेल, आणि दुसरीला द्यायचं जिवावर आलं असेल. दोघींनी मिळून नियम केला असेल. माझ्या सासूनं मला सांगितला, मी मान डोलावली. आता तुझ्या कुंडीत काय होतंय ते बघू."

त्या दिवसापासून दोन घरांमधल्या भिंतीवरून संभाषण सुरू झालं.

"काकू, एक पान पडलं!"

"पडू दे."

"काकू, एक काडी काळी पडली!"

"ती गेली. काढून टाक."

"रडू का?"

"रड थोडं. मग काढून टाक."

उपटायची इतकी इच्छा व्हायची, की ती हात पाठीमागं बांधून कुंडीसमोर बसायची. बाळी तिच्याकडे बघून तसेच हात मागं बांधायची आणि तोंडावर पडायची. पण तिनं उपटलं नाही. एकेक करून बऱ्याच काड्या वाळल्या. आणि वाढदिवसाच्या दोन-तीन दिवस आधी, जी काडी सगळ्यात बेढब होती तिच्या पेरातून एक हिरवा ठिपका वर आला. त्याचं पान झालं. बाळीच्या नखाएवढं.

वाढदिवशी गाव जमलं. आत्याबाई सकाळीच आल्या, गाठोड्यासकट. त्यांनी आधी बाळीचं नाक बघितलं, "हं" म्हणाल्या, आणि मग कुंडी बघितली. पान बघून त्यांचा चेहरा जरा पडला.

औक्षणाचं तबक आलं. आई हळद-कुंकू घ्यायला वळली. तेवढ्यात बाळी रांगत उंबऱ्याशी गेली, तिनं ते पान दोन बोटांत धरलं, खुडलं आणि तोंडात घातलं.

बाळी चावत होती.

"झालं!" आत्याबाई म्हणाल्या. "पान नाही म्हणजे हात नाही. माझी वळकटी कुठं टाकायची ते सांगा."

आई धावली. तिनं आधी बाळीच्या तोंडात बोट घालून पान बाहेर काढलं. मग ती सगळ्या गर्दीवरून मोठ्यानं म्हणाली, "काकू, आता काय करायचं हो?"

"म्हणजे?" आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवले. "या काकूंना विचारून लावलीस की काय?"

फांदी चोरीची आहे म्हणाली असती, तर अजून कुणी चार शब्द तिच्या बाजूनं बोललं असतं. बाळीनं तिचा पदर धरला होता.

"विचारून लावली," ती म्हणाली. "आणि मागून आणली."

"मागून?" कोरफडीच्या मामींनी तोंडावर हात ठेवला.

काकू काठी टेकत पुढं आल्या. "आत्याबाई, ती काडी जरा हलक्या हातानं ओढून बघा."

"मी? हिला सांगा की."

"हिला नको. हिला उपटायची सवय आहे."

आत्याबाईंनी काडी धरली आणि ओढली. काडी हलली नाही. त्यांनी जरा जोर लावला. काडी तशीच. त्यांनी काकूंकडे बघितलं.

"धरलंय हिनं," त्या म्हणाल्या.

"मुळं फुटली म्हणून धरलंय. पानाचं काय, हा बघा शेजारीच दुसऱ्या पानाचा डोळा फुगलाय." काकूंनी ते चावलेलं, लाळेनं भिजलेलं पान आईच्या हातातून घेतलं आणि बाळीच्या कपाळाला लावलं. चिकटलंही छान. "आईचा हात रुजला!"

पण काकूंपाठोपाठ कुणी ते वाक्य म्हणेना. मागितलेल्या फांदीचं पान चालतं की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मोगऱ्याच्या वहिनी खाकरल्या.

"मागितलेली रुजली, हे तर डोळ्यांनी दिसतंय," त्या म्हणाल्या. "मग काकू, मीही एक विचारू? माझा मोगरा नुसता वाढतो, कळी धरत नाही."

"छाटत नाहीस तू! तीन वर्षं बघतेय मी कुंपणावरून, जीव तुटतो माझा!"

"आणि माझ्या गुलाबाच्या काड्या?" "माझी शेवंती?" "अहो, मी ते फूल पेरलं होतं, ते का उगवलं नाही?" एकच गलका झाला. बाळीला औक्षण करायचं होतं हे सगळ्या विसरल्या. कोरफडीच्या मामींना तर कुणीतरी कोरफडीचं विचारलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

आत्याबाई एका बाजूला गाठोड्यावर बसल्या होत्या. आई त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेली. तिला त्यांची भीती वाटत होती, पण विचारायची आता सवय लागली होती.

"आत्याबाई, तुमच्या पहिल्या बाळाच्या वेळी तुम्ही काय लावलं होतं?"

आत्याबाईंनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी काही लावलं नाही गं. माझं काही जगायचंच नाही. मी शेजारणीची कुंडीच उचलून आणली. अख्खी."

"आणि बाकीच्या मुलांच्या वेळी?"

"तेव्हाही. शेवटी शेजारीण गाव सोडून गेली."

आधी आईला हसू फुटलं, मग आत्याबाईंना.

"आणि ते नाक ओढायचं? त्यानं खरंच सरळ होतं?"

"काय माहीत," आत्याबाई म्हणाल्या. "एका घरी खिडकीतून बघितलं होतं. विचारलं नाही कधी. मला वाटलं, पहिल्या पोराच्या वेळी मला काहीच येत नाही असं कळलं तर लोक काय म्हणतील."

आईनं बाळीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर दिलं. आत्याबाईंनी तिला जरा अवघडूनच धरलं. "अशी धरू ना?" त्यांनी विचारलं.

"मलाही अजून नक्की माहीत नाही," आई म्हणाली. "पण पाठीला हात असला की ती रडत नाही."

आत्याबाई चार दिवस राहिल्या, पाहुणी म्हणून. नाकाला कुणी हात लावला नाही.

त्या गावात आता दुपारी कुणाला झोप मिळत नाही. जिकडं तिकडं विचारपूस चाललेली असते, आणि पुरुषांची त्याबद्दल तक्रार आहे. काही जुन्या बायकांना अजून दारातून यायला संकोच वाटतो, त्या कुंपणातूनच शिरतात. पण आत आल्या की घोरणाऱ्या मालकिणीला गदागदा हलवतात आणि विचारतात, "अहो, कुठून कापू?"

तात्पर्य: फांदी चोरून आणता येते, ती जगवायची कशी ते मात्र विचारावंच लागतं. आणि जिला विचारायला आपण घाबरतो, ती बहुतेक वेळा जागीच असते.